'रचनात्मक वंशवाद' नको, गावकूस आठवा

अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेने विचारलंय: 'स्ट्रक्चरल रेसिझम'ला, म्हणजे कुणा एकाच्या मनात नव्हे तर व्यवस्थेतच मुरलेल्या वंशवादाला, 'रचनात्मक वंशवाद' म्हटलं तर चालेल का?

अजिबात नाही. हा प्रयोग ऐकून कान किटले. रचनात्मक म्हणजे विधायक. खादी आणि अस्पृश्यता निवारण हा गांधीजींचा रचनात्मक कार्यक्रम होता. तेच विशेषण वंशवादाला कसं लावता? फार तर 'संरचनात्मक' म्हणा.

पण आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: गावकूस. यातली 'कूस' म्हणजे आईची कूस, असं काही जाणकार ठासून सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. संस्कृत 'कुक्षी'पासून आलेली कूस स्त्रीलिंगी; तिचं रूप 'कुशीत', 'कुशीबाहेर'. आपण मात्र 'गावकुसाबाहेर' म्हणतो. हे रूप नपुंसकलिंगी 'कुसू'चं: लेकरू-लेकराला, पाखरू-पाखराला, तसं कुसू-कुसाला. आणि कुसू म्हणजे गावाभोवतीची भिंत! 'कुसळ' या शब्दाशीही तिचं नातं असावं, मातीच्या भिंतीआधी काट्यांचं कुंपण असणार, असा माझा जुना तर्क आहे. पुराव्याशिवाय मी तो कुणावर लादणार नाही, पण सोडणारही नाही.

दलितांना गावाबाहेर ठेवणारी ही भिंत; संरचना म्हणतात ती हीच. भिंतीला कुणाचा द्वेष करावा लागत नाही. ती नुसती उभी असते. अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून 'धोकादायक' ठरवल्या, आणि तिथल्या गृहकर्जांना सरकारी हमी मिळेना. १९६८च्या कायद्याने हा भेद बेकायदा झाला. पण ज्या आजोबाला घर घेताच आलं नाही, त्याच्या नातवाला वारशात काय मिळणार? आज कर्ज देणारा कारकून कितीही भला असो, नातवाची सुरुवात कुसाबाहेरूनच होते.

मराठवाड्यात गावोगावच्या पांढरीतली, म्हणजे जुन्या गावठाणातली, कुसं कधीच ढासळली, गढ्यांची माती लोकांनी घरं सारवायला नेली. २०२०च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, ते योग्यच झालं. पण कित्येक गावांत दलितांची स्मशानभूमी अजून वेगळी आहे, आणि पावसाळ्यात तिथवर जायला धड रस्ता नसतो. माती गेली तरी कुसू जिथल्या तिथे आहे.

तुमच्या भागात 'गाव' न जोडता नुसतं 'कुसू' म्हणणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर मला नक्की कळवा.