आमचे बाहुलीनाट्याचे सर नुकतेच गेले. त्यांच्या बाहुल्या शाळेने कपाटात जपून ठेवाव्यात की मुलांना वापरायला द्याव्यात?

मुलांना द्या. कपाटाला माझा विरोध आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचेही असेच एक सर होते, नाशकात पंचवटीत राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे पण नाशकात सगळे ओळखायचे ते बाहुलीवाले सर म्हणूनच. कोणी भेटलं की पहिली फर्माईश, "सर, तात्या विंचू करून दाखवा ना." सर चिडायचे नाहीत. ते रामदास पाध्यांचं काम, त्याला शब्दभ्रम म्हणतात, त्यात माणूस बाहुलीशेजारी बसून बोलतो, आपल्यात माणसाने दिसायचंच नाही, एवढं सांगायचे आणि समोरच्याला चहा पाजायचे.

ते गेल्यावर शोकसभा झाली. हार, फोटो, "न भरून येणारी पोकळी" वगैरे. मग एक संस्था पुढे आली, आम्ही सरांच्या बाहुल्या जतन करतो म्हणाली. काचेचं कपाट केलं, आत ट्यूबलाइट लावली. आमच्यातलाच एक सिनिअर, त्याला सगळे दादा म्हणतो, तो या कामात सगळ्यात पुढे. उद्घाटनाला गेले तर मधोमध एक मिशीवाली हातमोजा बाहुली, अंगात नवाकोरा जरीचा झगा, आणि खाली चिठ्ठी: राजा.

अहो राजा कुठला! पहिल्यांदा होता राजा, मान्य. पण मग साक्षरतेच्या कार्यक्रमात सरांनी त्याचा मुकुट काढून पगडी बसवली, झाला सावकार. 1995 साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा चष्मा आणि पांढरा कोट घालून डॉक्टर. 2003 च्या कुंभमेळ्यात तागाच्या जटा चिकटवून साधू. पुढे निवडणुकीत नगरसेवक. दर वेळी नवा रंग, त्यामुळे नाक फुगत गेलं. सर म्हणायचे, याचं करिअर माझ्यापेक्षा बरं चाललंय.

त्या साधूचा एक प्रयोग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. गंगेवर, बुधवारच्या बाजारात (बाहेरच्यांसाठी, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो). दोन बांबूंना बांधलेलं लुगडं एवढाच आमचा रंगमंच, त्यामागे मी आणि सर, माझ्या हातात गाय. साधू लोकांना निर्माल्य नदीत टाकू नका म्हणून झापत होता तर समोरची भाजीवाली मावशी ओरडली, "बाबा, आधी तू अंघोळ कर, नाक बघ तुझं!" सर गप्प. साधूने दोन्ही हातांनी स्वतःचं नाक चाचपलं, एकदा मावशीकडे बघितलं, आणि लाजून वळायला गेला तर जटा लुगड्याच्या पिनेत अडकून सगळ्या उपटून आल्या. मला वाटलं संपला प्रयोग. माझी गाय घाबरून हलायला लागली तर सर दातांतल्या दातांत म्हणाले, "हलू नकोस, बघ." आणि टकल्या साधूने लोंबणाऱ्या जटांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, मग त्या हळूच सोडवून मावशीपुढे धरल्या, जणू म्हणतोय, मेथीच्या जुडीबरोबर ह्याही विका. बाजार नुसता फुटला हसून. तोंडातून एक अक्षर नाही.

हे असं आयत्या वेळी सुचत नाही, त्यामागे आमचे कितीतरी रविवार गेलेत. सर सुरुवातीला बाहुली हातात द्यायचेच नाहीत. टेबलावर सतरंजी टाकून मागे उभं करायचे, कोपर सरळ, नुसता रिकामा हात वर. हात भुकेला आहे, हाताला राग आलाय, हात चोरून ऐकतोय, ते करून दाखवा. दंड भरून यायचा, हात खाली आला की म्हणायचे तुझं पात्र खड्ड्यात चाललंय. ते जमलं की मग तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट बाहुलीच्या हातांत. बोलतो तो हलतो, बाकीच्यांनी ऐकायचं. हल्ली शाळांत मुलं मोज्याला डोळे चिकटवतात आणि प्रत्येक अक्षराला मुंडी हलवतात, त्याला बाहुलीनाट्य म्हणतात. असो.

दादाचं म्हणणं असं की मुलं तोडतील, आणि ओरिजिनल जपलं पाहिजे. मी विचारलं ओरिजिनल म्हणजे कितवा रंग? त्यावर उत्तर नाही. तोडतील तर जोडतील ना, सरांनी आम्हाला लगदा भिजवण्यापासून सगळं शिकवलं ते कशासाठी?

आता तुमच्या कामाचं. कागदाच्या लगद्याच्या बाहुलीत मैद्याची खळ असते, तिला कसर लागते, म्हणून जुने लोक खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे. तशा बाहुल्या मुलांना देताना रंग कुठे उडाला असेल तर आधी तो भाग रंगवून घ्या, मोरचूद विषारी असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, पावसाळ्यात आत बुरशी येते. बंद काचेतही येते, आमच्या "राजा"च्या पाठीला आली. आत कागदाचे बोळे भरून उभ्या ठेवा, सुती कापडात. थर्माकोलच्या असतील तर डांबरगोळ्या लांब ठेवा, थर्माकोल खराब होतो. स्पंजच्या असतील तर त्या काही वर्षांनी भुगा होणारच, कपाटात काय आणि बाहेर काय, म्हणून आताच वापरा.

हां, एक मान्य करते. अगदी जुन्या, परंपरेतल्या बाहुल्यांची गोष्ट वेगळी. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी (2021 चे पद्मश्री) ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचं आणि चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) संग्रहालय उभं केलंय, ते व्हायलाच हवं होतं. पण तिथेही खेळ होतात हो, नुसतं कुलूप नाही.

आणि सगळ्यात आधी तुमच्या सरांच्या घरी विचारा, बाहुल्या त्यांच्या आहेत, शाळेच्या नाहीत. कागद करायचा तर "कायमची भेट" लिहू नका, "मुलांच्या वापरासाठी" लिहा. आमच्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, विश्वासाने सही केली आणि आता त्यांना स्वतःच्या नातवाला दाखवायच्या तरी क्लार्ककडून चावी मागावी लागते. दादा, तू इथे असतोस हे मला माहितीय. चावीचं सोड, निदान ती चिठ्ठी तरी बदल.