नॅलोक्सोन घरी ठेवलं तर पोलीस पकडतील का?

धाकट्या भावाला अफूच्या जातीच्या गोळ्यांचं व्यसन आहे, म्हणून सांगलीत घरी नॅलोक्सोन ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय. ठेवल्याबद्दल कुणी पकडणार नाही. ते नशेचं औषध नव्हे, अशा गोळ्यांचा डोस जास्त झाला तर द्यायचा उतारा आहे. पण आपल्याकडे ते इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, तेव्हा व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे स्पष्ट मागा आणि द्यायचं कसं तेही शिकून घ्या. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. घरच्यांच्या हाताशी हे औषध हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

डोस जास्त झाल्याची खूण म्हणजे ओठ निळे, श्वास मंद, हलवूनही जाग नाही; असं दिसलं तर आधी १०८. इंजेक्शनने शुद्ध आली तरी सिव्हिलला न्याच. त्याचा असर तास-दीड तासात उतरतो, गोळ्यांचा टिकतो, आणि श्वास पुन्हा थांबू शकतो.

केसची भीती असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याचं कलम ६४-अ वकिलांकडून समजून घ्या. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून त्यात संरक्षण आहे. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६.