थैली जवळ आली की

रविवारच्या उपासनेत दानाची थैली रांगेतून पुढे सरकू लागली की त्यांच्या छातीत धडधडायचं, तळवे ओले व्हायचे. वय सत्तेचाळीस. आधी ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग डॉक्टरांनीच त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. घरी सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

भाऊंचं नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, सहा माणसं, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क. कर्ज फिटत आलेलं. तरी रात्री तीनला उठून मोबाइलवर बँकेतली शिल्लक बघायची. दिवाळीनंतर ऑर्डरी वाढल्या तशी रविवारीही मशीन सुरू राहिली आणि चर्चला जाणं महिन्यातून एकदावर आलं. एका रविवारी बायको चिडून म्हणाली, “देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही, हे संडे स्कूलच्या पोरांना तुम्हीच शिकवायचात ना?” बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन. घरात भांडणं याआधीही झाली होती, पण हे वाक्य रुतून बसलं.

“मॅडम, स्पष्ट सांगा,” पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “धंदा वाढवणं पाप आहे का? असेल तर मशीन विकून टाकतो.”

ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो. कुणी प्लॉट घेतलेला असतो, कुणाचा मुलगा परदेशी लागलेला असतो, आणि सुखाच्या जोडीनं भीती आलेली असते की आता देव मागे पडला. मी पाळक नाही. शास्त्राचा निवाडा मागणाऱ्यांना मी त्यांच्या पाळकांकडे पाठवते. पण त्याच बाकांवर बसून वाढलेय, तेव्हा काही माहीत नसल्याचा आवही आणता येत नाही.

एवढं मी त्यांना सांगितलं: प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात लिहितो ते पैशाच्या लोभाबद्दल. लोक ‘लोभ’ गाळतात आणि पैशालाच सगळ्या वाईटाचं मूळ ठरवतात. लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करायची, तिच्याच घरी पौल उतरला. येशूला स्वतःची कबर देणारा अरिमथाईचा योसेफ श्रीमंत होता. एका श्रीमंत तरुणाला येशूनं सगळं विकून टाक म्हटलं. जक्कय या जकातदारानं मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हटलं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट, आणि त्याच दिवशी त्याच्या घरी तारण आलं. दोघांना एकच आकडा लावलेला नाही.

भाऊ हुशार. पुढच्या वेळी लूकचा बारावा अध्याय घेऊनच आले. पीक भरघोस आलं म्हणून कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला शेतकरी, आणि देव त्याला मूर्ख म्हणतो. “म्हणजे आपल्या निफाड-लासलगावचे कांद्याच्या चाळी बांधणारे सगळे मूर्खच का? भाव पडलेला असताना कांदा साठवायचा नाही तर काय रस्त्यावर ओतायचा?”

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, जुन्या करारातल्या योसेफानंही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सात वर्षं धान्य साठवलं, त्याला कुणी मूर्ख म्हटलं नाही. ते साठवणं दुष्काळात सगळ्यांच्या पोटासाठी होतं. लूकमधला शेतकरी बोलतो कुणाशी ते बघा. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. स्वतःशीच. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल.

ते गप्प झाले. मग मी विचारलं, किती झाले की पुरे? “वीस लाख. मुलीचं शिक्षण आणि अडीनडीला.” मी वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. तीन आठवड्यांनी सहज पुन्हा विचारलं तर चाळीस म्हणाले. वही पुढे सरकवली. आधी हसले, मग बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले.

चौथ्या भेटीत थैलीकडे वळले. अशी धडधड पहिल्यांदा कधी झाली?

वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक. देवमाणूस. दारी आलेला उपाशी जायचा नाही, मग घरचे अर्धपोटी राहिले तरी चालेल. भाऊ सोळा वर्षांचे होते, आयटीआयला प्रवेश मिळाला होता, फीचं पाकीट वडिलांच्या खिशात होतं. त्या रविवारी चर्चच्या छपरासाठी खास अर्पण होतं. थैली जवळ आली आणि वडिलांनी पाकीट तसंच आत टाकलं. मुलाच्या कानात म्हणाले, “प्रभू पुरवील.”

“पुरवलं ना मॅडम. आईच्या कानातल्या कुड्या गेल्या. बाबा शेवटपर्यंत सांगायचे, बघ, प्रभूनं पुरवलं.”

रडले नाहीत. पाणी मागितलं.

इथे समुपदेशकानं बापाची बाजूही घ्यायची नसते आणि मुलाचीही. पण मी न राहवून एक बोलले. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहूद्यांना, फटकारतो, की आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून तुम्ही हात झटकता. तिथे मुलगा आईबापांना टाळतो, इथे उलटं झालं. बाबांची भक्ती खोटी नव्हती, भाऊ. पण फी तुमची होती.

त्यांच्या मनात देव पहिला म्हणजे घर शेवटचं, अशी गाठ तीस वर्षांपूर्वीच बसली होती. म्हणून ते एवढा पैसा साठवून ठेवत होते की कुठलीच थैली त्यांच्या मुलीच्या फीपर्यंत पोचू नये. बायकोला वाटत होतं हा लोभ. ती एका भेटीला आली तेव्हा म्हणाली, “पैसा नको असं कुठं म्हणतेय मी? मला रविवार हवाय.”

खरं तर इथे केस सरळ वाटेला लागायला हवी होती. तसं झालं नाही. भीतीचं कूळ सापडल्यावर भाऊंना जरा जास्तच हलकं वाटलं. “म्हणजे मी लोभी नाही,” असं दोनदा म्हणाले. मला ते खटकलं. मी विचारलं, रविवारी मशीनवर कोण असतं?

तिघं ऑपरेटर. दीडपट दर ठरलेला. तीन महिन्यांचा बाकी. “कंपन्यांचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं ना, मग मी तरी कुठून देणार?” आणि वाक्य संपता संपता त्यांचं त्यांनाच काहीतरी ऐकू आलं असावं, कारण रोज तीनला ते जी शिल्लक बघायचे तिच्यात हे पैसेही होते. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय. ते वचन मी काढलं नाही, त्यांनीच काढलं.

जाता जाता मी शरणपूरचा विषय काढला. माझी खोली तिथून जवळ आहे. १८५०च्या दशकात मिशननं वसवलेली ती वस्ती. गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली, प्रार्थनेबरोबर हाताचं कामही. वर्कशॉप आणि चर्च यांच्यात भिंत नंतर आपणच घातली, असं मला वाटतं. भाऊ म्हणाले, “तिथल्या पोरांना मजुरी वेळेवर मिळत होती का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाकी त्यांनी आठवड्याभरात चुकती केली. आता महिन्यातले तीन रविवार वर्कशॉप बंद असतं. चौथ्या रविवारी ज्याला यायचं तो येतो आणि संध्याकाळी पैसे घेऊन जातो. थैली आली की हात अजून गार पडतात, म्हणून ते ती बायकोकडे सरकवतात आणि दोघांचं पाकीट ती टाकते. रात्री तीनची जाग आठवड्यातून दोनदा येतेच. पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे.