एस्क्यूलाइट चालेल, पण शेअर्ड फोल्डर आधी बंद करा

भोसरीतल्या वर्कशॉपचं जॉब कार्डचं सॉफ्टवेअर, त्याचा डेटा एस्क्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये, ती फाइल ऑफिसच्या पीसीवर शेअर केलेली आणि शॉप फ्लोअरवरचे पीसी तीच उघडतात. वेग पुरेल का, भरवसा ठेवावा का, आणि सुपरवायझरला पार्टीचे रेट दिसू नयेत म्हणून यूजर कसे करायचे, हे तुमचे तीन प्रश्न.

वेगाची चिंता नको. तुमचा इम्पोर्ट, म्हणजे एकदम पुष्कळ नोंदी भरणं, रखडतो कारण प्रत्येक इन्सर्ट (नवी नोंद) वेगळं ट्रान्झॅक्शन, म्हणजे वेगळा व्यवहार होतंय आणि दर कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, डिस्कची वाट बघावी लागते. सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला.

भरवशाचं म्हणाल तर शेअर्ड फोल्डर आजच काढा. नेटवर्कवरच्या फाइल लॉकिंगवर विसंबता येत नाही, फाइल करप्ट होऊ शकते. एस्क्यूलाइटमध्ये २०१० पासून वॉल मोड आहे, त्यात बदल आधी वेगळ्या 'वॉल' फाइलमध्ये लिहिले जातात. या मोडमध्ये वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. तरी लिहिणारा एका वेळी एकच, आणि सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर लागतात. या मोडमध्ये सिंक्रोनस (डिस्कवर लिहिलं गेल्याची खात्री कधी करायची ते ठरवणारं सेटिंग) 'नॉर्मल' ठेवलंत आणि लाइट गेली, तर फाइल शाबूत राहते पण शेवटचे काही कमिट जाऊ शकतात. जॉब कार्डला हे परवडणार नाही, 'फुल' ठेवा. बॅकअप एस्क्यूलाइटच्या 'व्हॅक्यूम इंटू' या कमांडने घ्या, ती पूर्ण डेटाबेसची नवी प्रत काढते. चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी मागे राहतात.

आता रेट. एस्क्यूलाइटमध्ये यूजर नाहीत, ग्रँट (कुणाला काय दिसावं याची परवानगी) नाही. तुमच्या लॉगिन स्क्रीनला कितीही कडक पासवर्ड ठेवा, फोल्डर उघडता येणारा कुणीही फाइल पेनड्राइव्हवर घेईल, डीबी ब्राउझर या एस्क्यूलाइट फाइल बघायच्या प्रोग्राममध्ये उघडेल, आणि रेटचा कॉलम समोर. एसक्यूएलसायफर या एस्क्यूलाइटच्या जोडीच्या सॉफ्टवेअरने फाइल एनक्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, पण किल्ली सगळ्यांना एकच, आणि ती तुम्हाला प्रत्येक पीसीवर ठेवावी लागणार. म्हणजे बाहेरचा चोर अडेल, सुपरवायझर नाही.

म्हणून ऑफिसच्या पीसीवर एक छोटी सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, लिहा. फाइल फक्त तिच्या विंडोज अकाउंटला उघडता यावी, बाकी पीसींनी तिलाच विचारावं. लॉगिन बघून रेट पाठवायचा की नाही हे तीच ठरवेल. नेटवर्कवरून फाइल उघडणंही यातच थांबतं. मी असल्या कामाला दुसरी रचना सुचवणारच नाही.

उद्या अकाउंटंटला किंवा दुसऱ्या युनिटला थेट डेटाबेसवर रिपोर्ट काढायचे असतील, तर मात्र पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्या. तिथे कॉलमपर्यंत ग्रँट देता येते.