पहिला प्रतिसाद लिहिताना

प्रतिसाद म्हणजे कथा वाचून तुला काय वाटलं आणि का, ते लिहिणं. तू मात्र कथेचा विषय ‘एकटेपणा’ आहे, एवढं लिहून थांबलीस. बरोबर आहे, पण ते फक्त नाव झालं. कथा एकटेपणाबद्दल काय म्हणते आणि ते तुला कुठे भिडलं, हे लिहिलंस की प्रतिसाद सुरू होतो.

वाचताना पेन्सिल हातात ठेव. जिथे थबकलीस किंवा चिडलीस, तिथे खूण कर. मग त्यातली एकच जागा निवड. समजा, नवरा जाऊन वर्ष झालं तरी आजी रोज त्याच्या चपला पुसून दाराशी ठेवते. ‘मला वाईट वाटलं’ एवढ्यावर सोडू नकोस. ही सवय आहे की ती अजून वाट बघते? तुला स्वतःच्या घरातली अशी एखादी वस्तू आठवली का? ती आठवण दोन-तीन वाक्यांत सांग आणि लगेच चपलांकडे परत ये. बहुतेकांचं इथेच बिनसतं, आठवण लांबत जाते आणि कथा मागे राहते.

आणखी दोन नेहमीच्या चुका:
- अर्धं पान कथानक सांगण्यात घालवणं.
- शिक्षकांना आवडेल ते मत लिहिणं. कथा पटली नाही तर बेधडक तसं लिही, फक्त कोणत्या ओळीमुळे ते दाखव.

प्रतीकं, समीक्षेचे सिद्धान्त यांत आत्ता शिरू नकोस. आधी असे चार-पाच प्रतिसाद लिहून बघ. तुला जमेल.