चोवीस पानांचा हिशेब : मुलांसाठी लिहिणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मुलांच्या पुस्तकांबद्दल प्रश्न मागवले होते. नागपुरातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख मानधनावर आणि करारावर आहे, लिखाणाबद्दल फारच थोड्यांनी विचारलंय. आम्ही मात्र लिखाणापासून सुरुवात करतो. पुस्तक उभं राहिलं तरच सहीची वेळ येणार!

तान्ह्या पोळ्यावर (मुलांच्या लाकडी बैलांच्या सणावर) चित्रपुस्तकासाठी गोष्ट लिहिली आहे, साधारण १८०० शब्दांची. 'लांब आहे' एवढाच शेरा मारून ती परत आली. कुठे कापू?
*— एक शिक्षिका, महाल*

शब्द मोजून कापू नका, पानं मोजून कापा. ए-फोर आकाराचे सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, चोवीस पानांची वही तयार होते. पान १ शीर्षकाचं, पान २ प्रकाशकाच्या तपशिलांचं. गोष्ट पान ३ वर सुरू होते. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत समोरासमोरच्या दहा जोड्या मिळतात आणि शेवटी सुटं पान २४. म्हणजे तुमच्या गोष्टीला बारा दृश्यं आहेत, तेरावं नाही. पेन्सिलीने प्रत्येक जागी एकच ओळ लिहा : इथे काय घडतं? सलग दोन जोड्यांवर तुमच्या गोष्टीतली मिनू अंगणात बसून बैलाकडे नुसतीच बघत असेल, तर त्यातली एक जाणार. चित्रकाराला तिथे काढण्यासारखं नवं काही नाही.

दुसरी कापणी चित्राच्या भरवशावर करायची. तुमचं वाक्य असं आहे : 'मिनूने आपल्या लाकडी बैलाच्या पाठीवर सुंदर लाल झूल घातली, शिंगांना सोनेरी बेगड चिकटवली आणि दोरी ओढताच तिच्या लक्षात आले की पुढचे डावे चाक निघाले आहे.' झूल, बेगड, लाल, सोनेरी हे सगळं चित्रात दिसणारच आहे. पानावर एवढंच ठेवा : 'मिनूने दोरी ओढली. खर्रर्र! बैल जागचा हलेना.' हे उजव्या पानाच्या तळाशी आलं पाहिजे. उजवं पान नेहमी विषम आकड्याचं, उलटलं की चाक दिसेल. हाच मजकूर डाव्या पानावर आला तर समोरच्या पानावरचं निखळलेलं चाक मूल आधीच बघतं आणि गंमत संपते.

शब्दसंख्येचा अंदाज हवाच असेल तर 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या मुलांच्या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावरची वर्गवारी पाहा. पहिल्या पातळीला २५० शब्दांपर्यंत, दुसऱ्या पातळीला ६००, तिसरीला १५००. इयत्ता पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी लिहायचं तर तुमची गोष्ट पाचशेच्या आत यायला हवी. जोडाक्षरं कमी ठेवा, पण 'पोळ्या'तलं 'ळ्य' टाळण्यासाठी सणाचं नाव बदलायची गरज नाही. कळीचा शब्द अवघड असला तरी तीन-चारदा भेटला की मुलं तो ओळखतात. घरोघरी बैल नेल्यावर मिळणारा बोजाराही ठेवा. पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी त्याचा खुलासा करणारी ओळ नको, चित्रात हातावर पडणारं नाणं पुरे आहे.

शेवटची परीक्षा : गोष्ट स्वतः वाचू नका, ज्याने ती पाहिलेली नाही अशा मोठ्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळतो तिथे वाक्यरचना चुकली आहे. स्वतःचा मजकूर वाचताना आपण चुका आवाजाने झाकतो.

संवाद नागपुरी बोलीत लिहिले तर संपादक नाकारतील का?
*— एक वाचक, इतवारी*

बोलीमुळे नाकारत नाहीत, गोंधळामुळे नाकारतात. एका पानावर आजी 'मले' म्हणते आणि पुढच्या पानावर 'मला', हे नेहमीचं दुखणं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही विभागणी शेवटपर्यंत पाळा. सगळ्या पात्रांना बोलीत बोलायला लावायचं आणि शहाणं पात्र तेवढं प्रमाण भाषेत, असं मात्र करू नका. त्यातून बोलीतली माणसं कमी अकलेची, असा नको तो अर्थ निघतो.

मासिकाला गोष्ट पाठवताना काय पाहावं? माझी टाइप केलेली गोष्ट छापून आली तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या.
*— एक वाचक, प्रतापनगर*

चुका बहुधा फॉन्टमुळे झाल्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित करताना रफार सरकतो, अर्धी अक्षरं सुटतात आणि 'ऱ्या' तर हमखास मोडतो : 'दुसऱ्या'चं काहीतरी भलतंच होतं. युनिकोडमध्येच टाइप करा आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे मुद्रितशोधकाला ताडून पाहता येतं. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असलेला फॉन्ट निवडा. हिंदी वळणाची अक्षरं नवशिक्या वाचकाला अडवतात.

दिवाळी अंकासाठी ऑक्टोबरमध्ये विचारणा करून उपयोग नाही, मे-जूनमध्ये गोष्ट संपादकांच्या हाती हवी. एकच गोष्ट एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. पाठवण्याआधी त्याचे पाच-सहा अंक चाळा, कोणत्या वयाला काय देतात ते कळेल.

प्रकाशकाने 'सर्व हक्क कायमचे' असा एक पानी करार पाठवला आहे. सही करू का?
*— एक लेखिका, धरमपेठ*

आहे तसा नको. हक्क देणं लेखीच असावं लागतं, तेव्हा करार मागितला म्हणून प्रकाशक वाईट ठरत नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला बऱ्यापैकी आधार दिलाय. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर ते परत येतात. 'कायमचे' हा शब्द पाच वर्षांच्या त्या मुदतीवर पाणी फिरवतो. त्याऐवजी 'मराठी, छापील आवृत्ती, पाच वर्षे' असं लिहून घ्या. भाषांतर, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रपट यांचे हक्क वेगळे नोंदवा. लेखक म्हणून तुमचं नाव लावण्याचा हक्क मात्र हक्क विकल्यावरही तुमचाच राहतो.

रॉयल्टीचा टक्का सगळे बघतात, तो कशावर मोजायचा हे कोणी बघत नाही. समजा, पुस्तक १०० रुपयांचं, हजार प्रती विकल्या, रॉयल्टी १० टक्के. छापील किमतीवर धरली तर १०,००० रुपये. विक्रेत्याला ४५ टक्के सूट दिल्यावर उरणाऱ्या रकमेवर धरली तर ५,५००. चित्रपुस्तकात त्यातला निम्मा वाटा चित्रकाराचा असू शकतो, म्हणजे तुमच्या हाती २,७५०. शिवाय हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार, शिल्लक प्रती रद्दीत घालण्याआधी तुम्हाला विचारणार का, आणि पुस्तक बाजारातून संपल्यावर किती महिन्यांत नवी आवृत्ती काढणार, हेही लिहून घ्या.

याच पत्रात 'स्टोरीवीव्हर'बद्दलही विचारलंय. तिथे गोष्टी मुक्त परवान्याखाली जातात. तुमचं नाव देऊन कोणीही ती छापू शकतो, भाषांतर करू शकतो, विकूही शकतो. वाचक भरपूर मिळतात, पण प्रकाशकाला एकहाती हक्क विकायची वाट बंद होते. कोणती गोष्ट तिथे टाकायची हे आधी ठरवा.

नोकरी सोडून फक्त मुलांसाठी लिहावं म्हणतो. जमेल?
*— एक वाचक, मनीषनगर*

वरचा २,७५० चा हिशेब पुन्हा वाचा. साने गुरुजी शिक्षक होते, विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. मराठीत लिहिणाऱ्यांचं घर बहुधा दुसऱ्या कामावर चालतं. रॉयल्टीला जोड मिळते ती भाषांतराची, शाळांतल्या कार्यशाळांची, शैक्षणिक साहित्य लिहिण्याची. कार्यशाळेचं मानधन आधी ठरवा, 'पुस्तकं विकून घ्या' हे मानधन नव्हे. जुनी करपद्धती निवडली असेल तर पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळू शकते. मासिकांचं मानधन आणि शालेय पाठ्यपुस्तकं त्यात बसत नाहीत.

पंचतंत्रातली गोष्ट नव्याने लिहिली तर परवानगी लागते का?
*— एक वाचक, सदर*

मूळ गोष्टीला लागत नाही, पण कोणा हयात लेखकाने केलेलं तिचं पुनर्कथन त्याच्या मालकीचं असतं. त्याने घातलेला संवाद किंवा नवं पात्र उचलू नका. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, पुढच्या १ जानेवारीपासून साहित्य खुलं होतं.

पुस्तक स्वतःच छापायचं ठरवलं आहे. चित्रं एका मैत्रिणीने काढली आहेत. सुरुवात कुठून करू?
*— एक लेखिका, हिंगणा रस्ता*

मैत्रिणीपासून. चित्रांचा कॉपीराइट सहसा तिचा असतो, म्हणून मानधन किंवा टक्का आणि दुसऱ्या आवृत्तीचं काय, हे एका कागदावर दोघींच्या सह्यांनिशी हवं. मैत्रीत कागद कशाला, म्हणून राहून गेलेला हा कागद पुढे वकिलाकडे नेतो.

मग आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो मोफत मिळतो, लेखकालाही मागता येतो. छापील आणि ई-पुस्तकाला वेगळे क्रमांक लागतात. मुखपृष्ठ छापायच्या आधी क्रमांक हाती हवा, नाहीतर बारकोडची चिकटपट्टी लावत बसावं लागतं.

छापखान्यात फाइल देताना चित्रं ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके) आणि सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत द्या. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मळकट उतरतो, आणि संत्र्याचं चित्र असेल तर ते लगेच डोळ्यांत येतं. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र सोडा, कटिंग थोडंही हललं तर पांढरी रेघ दिसते. जोडपानावर चेहरा किंवा अक्षर मधल्या घडीपासून १ सेंटिमीटर लांब हवं. मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत. शंभरेक प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडू लागतं. एका पानाचा रंगीत नमुना पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

छापून आल्यावर ३० दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते. हा नियम १९५४ पासूनचा आहे आणि स्वतः छापलं की प्रकाशक तुम्हीच. या चार प्रती मोजूनच छपाईचा आकडा सांगा.