हातांची मायबोली

प्रश्न : मी आणि नवरा दोघंही कर्णबधिर. पाच वर्षांच्या लेकीला ऐकू येतं. आमच्याशी खुणांनी बोलून तिचं मराठी मागे पडेल, असं सासूबाई म्हणतात. थांबवू का?

उत्तर : ताई, मुळीच नको. माझे आईबाबाही कर्णबधिर. बाबांना हाक मारायला मी जमिनीवर पाय आपटायचो. तोंडात घास असतानाही आमच्या गप्पा रंगत. मराठी आजीकडून, गल्लीतून आपसूक आली. आपल्या सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. 'काय', 'कुठे' वाक्याच्या शेवटी येतात, भुवयाही प्रश्न विचारतात. फक्त दवाखान्यात लेकीला दुभाषी करू नका. आठव्या वर्षी आईचा आजार मीच आईला सांगितला, ते ओझं अजून उतरलेलं नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे. सासूबाईंना त्यातून 'जेवलीस का?' आधी शिकवा.